वाऱ्यातली चूल

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा दुकानात मी एकटीच होते. सामोस बेटावरच्या आमच्या गावात तेव्हा फोन एकच, आणि तो माझ्या कॉफीच्या दुकानातल्या भिंतीवर. कोणाच्या घरी काय झालं हे त्या घराच्या आधी मला कळायचं, आणि खरं सांगते, ते मला आवडायचंही. त्या आठवड्यापर्यंत.

"एवांथियाकाकू, मी इराक्लिस. रिनियोचा नवरा, पिरेयसहून बोलतोय. सासूबाईंना बोलावता का? जरा लवकर."

पिरेयस म्हणजे समुद्रापलीकडे, अथेन्सजवळ. मी रिसीव्हर हातातच धरून राहिले. त्याच्या सासूबाई म्हणजे आर्गिरो, आणि आर्गिरोच्या घराशी मी तीन वर्षं बोलले नव्हते. मीच काय, गावातलं कुणीच नाही. तिचा नवरा स्तामातिस. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात त्याने मळ्यातल्या छाटलेल्या काटक्या पेटवल्या, पाणी प्यायला विहिरीकडे गेला आणि वारा उठला. दोन दिवसांत डोंगराच्या आमच्या बाजूला ऑलिव्हचं एक झाड उभं राहिलं नाही. माणूस कुणी गेलं नाही, एवढंच. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेली झाडं मी काळी ठिक्कर झालेली पाहिली. कोर्टाने स्तामातिसला आठ महिने आत टाकलं. गावाने सभा घेतली नाही, काही ठरवलं नाही, पण तो सुटून आला तेव्हा त्याच्या नमस्काराला कुणी उत्तर दिलं नाही. आणि मग ते तसंच चालू राहिलं.

मी तिच्या कुंपणापाशी गेले आणि नाव न घेताच म्हटलं, "फोन आहे."

ती पिठाने भरलेले हात तसेच घेऊन धावत आली. फोनवर फार बोलली नाही. "सातवाच आहे ना अजून... शुद्ध नाही म्हणजे? अजिबात नाही?... हो. हो. येते." रिसीव्हर ठेवला तर त्यावर पिठाची बोटं उमटलेली.

"काय झालं?" मी विचारलं. तीन वर्षांतला माझा पहिला प्रश्न.

"अंगावर सूज चढली होती. आज झटके आले. दोन." ती दाराकडे बघत म्हणाली. "सहा वर्षांनी दिवस गेलेत गं तिला."

"मग उद्या सकाळी निघ."

"निघतेच."

पण निघणार कशी? बुधवारपासून समुद्रावर जो उत्तरेचा वारा सुटला होता तो थांबायला तयार नव्हता. जुलैअखेर आमच्या बेटावर तो येतोच, पण त्या वर्षी त्याने पत्रे उडवले. शुक्रवारी आर्गिरो पहिल्या बसने बंदरावर गेली. बोटी दोरखंडांनी बांधलेल्या. विमानं बंद. तिने बंदर कचेरीत विचारलं, मासेमारीच्या होडीवाल्यांना विचारलं, एकाचे तर म्हणे पाय धरले. तो म्हणाला, "मावशी, मी नेईन, पण आपण दोघं अथेन्सला नाही, तळाला जाऊ." संध्याकाळच्या बसने ती परत आली. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि मागे लोक उभे होते. हे मला ड्रायव्हरने सांगितलं, आणि मी ते ऐकून कपबश्या विसळत राहिले.

शनिवार म्हणजे आमच्या संत पांदेलेइमोनासचा दिवस. तो वैद्यांचा संत, आजाऱ्यांचा. दरवर्षी त्या दिवशी देवळाच्या अंगणात हंडे चढतात आणि योर्ती शिजते. योर्ती म्हणजे सण, आणि त्या दिवशीच्या जेवणालाही आम्ही योर्तीच म्हणतो. बकऱ्याचं मटण, कांदे आणि कांडलेले गहू. आधी मटण हाडावरून सुटेपर्यंत शिजवायचं, हाडं वेचून काढायची, मग गहू टाकून घोटत बसायचं. वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्याने दोघं-चौघं आळीपाळीने घोटतात, मटण कुठलं आणि गहू कुठला हे कळेनासं होईपर्यंत. हात थांबला की तळाला लागलंच म्हणून समजा. आणि मग जो येईल त्याला वाढायचं. तू कोण, कुठला, हे विचारायचं नाही. नवसाचा हंडा असेल तर शेवटचा दाणा वाटला गेला पाहिजे, उरला तर नवस पोचत नाही, असं आमच्या आया सांगायच्या.

त्या वर्षी वाऱ्यामुळे गावाच्या मंडळींनी ठरवलं की हंडे नाहीत. नुसती प्रार्थना. गावात कुणी अंगणात काडीसुद्धा ओढायची नाही. पाटी लावली होती माझ्याच दुकानाच्या दारावर.

आणि शनिवारी सकाळी सात वाजता खालच्या आळीतून धूर उठला.

माझा नवरा कोस्मास दारात उभा होता. त्याने आधी वास घेतला, मग बघितलं, मग त्याचा चेहराच बदलला. "स्तामातिसचं अंगण," तो म्हणाला. समोरून आनेस्तिस धावत आला. आगीत त्याची झाडं गेली होतीच, पण गोठाही गेला होता, अकरा जनावरांसकट. त्याच्या हातात बादली.

"परत!" आनेस्तिस ओरडला. "हरामखोर परत पेटवतोय! एकदा जाळून पोट भरलं नाही त्याचं!"

पाच-सहाजण जमले. बादल्या, फावडी. ते उतारावरून खाली निघाले आणि मी त्यांच्यामागे जाणार, तेवढ्यात फोन वाजला.

इराक्लिसच होता. तो आधी बोलूच शकला नाही. मग म्हणाला, "काकू, बाळ गेलं. मुलगी होती. पोट फाडून काढलं, पण..." मी विचारलं, "आणि रिनियो?" "रक्त थांबत नाहीये. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस. आजचा दिवस निघाला तर बघू. सासूबाईंना सांगा." आणि फोन कट झाला.

मी खाली पळाले. पन्नाशीची बाई, चपला हातात घेऊन.

अंगणात काय दिसलं ते सांगते. तिन्ही बाजूंनी दगडी गडगा, आणि वाऱ्याच्या बाजूला दोरीवर ओल्या गोधड्या टांगलेल्या. जमिनीत गुडघाभर खड्डा खणून त्यात चूल. वर तिच्या आईचा तांब्याचा हंडा. बाजूला बकरीचं कातडं, मीठ लावून ठेवलेलं. तिच्याकडे दोनच बकऱ्या होत्या, त्यातली दुभती तिने कापली होती. आर्गिरो दांड्याने हंडा ढवळत होती. आणि स्तामातिस? तो चुलीपासून चार हातांवर ओलं पोतं धरून उभा होता आणि लटलटा कापत होता. आगीनंतर त्या माणसाने काडी ओढली नव्हती. बायको घरी नसली तर थंड भाकरी खायचा. एखादी ठिणगी उडाली की तो तिच्यावर झडप घालायचा, तोंडाने काहीतरी पुटपुटत. खड्ड्याभोवती तो सकाळपासून तसाच फिरत होता.

"बाजूला हो," कोस्मास आर्गिरोला म्हणाला. "विझवायचंय."

"नवस आहे," ती म्हणाली. हात थांबवला नाही.

"नवस देवळात बोल. मेणबत्ती लाव. या वाऱ्यात चूल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मेणबत्त्या लावल्या. दोन दिवस लावतेय." तिचा आवाज चिरका झाला. "मला जाता येत नाही तिच्याकडे. समुद्र सोडत नाही, विमान सोडत नाही. मग मी काय करू, कोस्मास? तू सांग, मी काय करू? हात बांधून बसू?"

आनेस्तिस पुढे झाला. "तुझ्या पोरीसाठी आमचं गाव जाळणार का आता? बाकी काय राहिलंय जाळायला? घरं राहिलीत, हां, घरं!"

"खड्डा बघ. गोधड्या बघ. पाण्याची पिंपं बघ, चार भरून ठेवलीत. एक ठिणगी बाहेर गेली तर मला या चुलीत ढकल."

"तुझ्या नवऱ्यानेही असंच म्हटलं असतं!"

स्तामातिसने तेव्हा मान वर केली. "आनेस्तिस," तो म्हणाला, "मी नाही पेटवली. मी हिला नको म्हणत होतो." आणि लहान मुलासारखा रडायला लागला, पोतं छातीशी धरून.

तेवढ्यात आर्गिरोने मला पाहिलं. मी गडग्यापाशी होते, दम लागलेला. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला वाटतं तिला तेव्हाच सगळं कळलं. निदान काहीतरी कळलं.

"फोन आला?"

"आला."

"सांगू नकोस."

"आर्गिरो, अगं..."

"सांगू नकोस म्हणतेय ना! हंडा उतरेपर्यंत एक अक्षर बोलू नकोस. तुला तुझ्या मुलांची शपथ आहे, एवांथिया. आत्ता सांगितलंस तर माझे हात गळतील. मग हे कोण शिजवणार? तू?"

मी कोस्मासला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि कानात सांगितलं. बाळ गेलं, रिनियो आजचा दिवस काढेल की नाही ठाऊक नाही. त्याने बादली खाली ठेवली. पण आनेस्तिसला हे कुठे ठाऊक? तो पुढे गेला आणि त्याने बादली चुलीत ओतली.

एवढी वाफ उठली की क्षणभर काही दिसेना. दिसलं तेव्हा आर्गिरो गुडघ्यांवर होती आणि उघड्या हातांनी कोरडी लाकडं निखाऱ्यांत ढकलत होती. ओरडत नव्हती. नुसती ढकलत होती. जळत्या लाकडाला हात लागला तरी मागे घेत नव्हती. अर्धी चूल विझली होती, अर्धी धुगधुगत होती.

"सोड," कोस्मास आनेस्तिसच्या हातातली रिकामी बादली हिसकावत म्हणाला. "सोड आता."

"का? काय झालं तुला?"

कोस्मासने त्याला सांगितलं नाही. सांगता आलं नसतं, ती ऐकत होती. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि आनेस्तिसने त्याच्या नजरेमागून माझ्याकडे. थोड्या वेळाने आनेस्तिस थुंकला आणि निघून गेला. त्याला दोष देत नाही मी. अकरा जनावरांचा हंबरडा त्याने ऐकला होता, मी नाही.

बाकीचे गेले नाहीत. बादल्या भरून घेऊन ते खड्ड्याभोवती उभे राहिले, स्तामातिससकट, वाऱ्याकडे डोळे लावून. मी आर्गिरोला उठवलं. तिच्या डाव्या तळव्याची कातडी निघाली होती. विझलेली अर्धी चूलही हळूहळू धरू लागली, आणि मी हंड्यातला दांडा घेतला.

"मी घोटते. तू हाताला तेल लाव."

"तळाला लागू देऊ नकोस."

"बावीस वर्षं देवळात घोटलंय मी. मला शिकवू नकोस."

मटण शिजायला दहा वाजले. आम्ही हाडं वेचून काढली, ती उजव्या हाताने, मी दोन्हींनी. बोटं पोळत होती. मग गहू टाकले. गहू पडले की खरं काम सुरू होतं. तासाभराने माझे खांदे भरून आले, मग कोस्मासने दांडा घेतला, मग दुसऱ्याने, मग स्तामातिसने मागितला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, पण दांडा दिला. तो डोळे मिटून घोटायचा, आगीकडे बघवत नव्हतं म्हणून.

आणि मी? मला सगळा वेळ वाटत होतं की मी या बाईला फसवतेय. ती जिच्यासाठी हे करतेय ती कदाचित या घटकेला गेलीही असेल. वर दुकानात फोन वाजत असेल आणि उचलायला कुणी नसेल. दोनदा मी उठले, दोनदा बसले. आर्गिरो माझ्याकडे बघतच नव्हती. ती हंड्यातल्या बुडबुड्यांकडे बघत ओठ हलवत होती. एकदाच म्हणाली, "मीठ कमी आहे का गं?" मी चव घेतली. मला काही चवच लागेना. "बरोबर आहे," मी म्हटलं.

दोन वाजता पापा-फोतिस आले, आमचे पुजारी. कोस्मासने आधीच त्यांना बोलावून सांगितलं असावं, कारण ते आर्गिरोशी डोळे भिडवेनात. हंड्यावर हात धरून त्यांनी प्रार्थना म्हटली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या आरोग्यासाठी?"

"रिनियोच्या," आर्गिरो म्हणाली.

ते थांबले. एका हंड्यामागे नावं बरीच सांगतात लोक, घरातली सगळी. तिने दुसरं नाव घेतलं नाही. पुजाऱ्यांनी "रिनियो" म्हटलं आणि पाणी शिंपडलं.

हंडा उतरवला. आता वाटायचं. पण कुणाला? अंगणात आम्ही आठजण होतो आणि हंडा शंभरांचा. आर्गिरो फाटकाशी जाऊन उभी राहिली. रस्ता रिकामा. वारा धुळीचे भोवरे फिरवत होता.

"येणार नाहीत," ती म्हणाली. तिथे तिचा धीर पहिल्यांदा सुटला. "एवांथिया, कुणी येणार नाही. उरणार हे. उरणार. मग काय उपयोग?"

मी वर गेले आणि दारोदार फिरले. "भांडं घे आणि खाली चल," एवढंच म्हटलं. "स्तामातिसशी बोलायची गरज नाही. तोंड बघू नकोस त्याचं. भांडं घे." कुणी विचारलं तर खरं ते सांगितलं. काहीजणींनी लगेच पातेलं उचललं. एका म्हातारीने दार लावून घेतलं आणि मग खिडकीतून पातेली पुढे केली, "माझी तू भरून आण." काहीजण आलेच नाहीत.

पण आले ते चाळीस-पन्नास तरी होते. रांगेने उभे राहिले आणि आर्गिरोने वाढलं, फडकं गुंडाळलेल्या हाताने, प्रत्येकाला भांडं भरभरून, "घे, आणखी घे, घरी पोरं आहेत ना, घे." लोक म्हणायचे, "बरी होऊ दे तुझी पोर," आणि मान खाली घालून निघायचे, कारण एव्हाना बहुतेकांना ठाऊक होतं. तिलाच ठाऊक नव्हतं. ते बघणं फार वाईट होतं. तळाशी उरलं ते तिने चार ताटल्यांत भरलं आणि जे आले नव्हते त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. आनेस्तिसच्या दारातही ठेवलं. मग हंडा भाकरीच्या तुकड्याने पुसला आणि तो तुकडा स्वतः खाल्ला.

"आता सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. उभ्याउभ्याच. मुलगी होती, गेली. रिनियोचा सकाळपर्यंत तरी श्वास चालू होता, पुढचं ठाऊक नाही.

ती रडेल, मला मारेल, काहीही करेल असं वाटलं होतं. ती हंड्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मी एकीचंच मागितलं."

"काय?"

"नवस बोलताना. म्हटलं, माझी पोर वाचव. बाळाचं सुचलंच नाही गं. रिनियोच दिसत होती डोळ्यांसमोर, लहानपणची. दोघींचं मागायला काय जात होतं माझं? दोघींचं मागायला हवं होतं."

"असं नसतं आर्गिरो."

"तुला काय ठाऊक कसं असतं?" ती म्हणाली. आणि खरंच, मला काय ठाऊक होतं.

आम्ही वर दुकानात येऊन फोनजवळ बसलो. मी, ती आणि दाराबाहेर पायरीवर स्तामातिस. तीन वर्षांत तो माझ्या पायरीला शिवला नव्हता. पाच वाजले, सहा वाजले. मी इस्पितळात फोन लावून बघत होते, लागत नव्हता. सातला तो वाजला. आर्गिरोने मला उचलायची खूण केली, तिच्याने उचलवेना.

रक्त थांबलं होतं. पोरीने डोळे उघडले होते आणि पाणी मागितलं होतं.

आर्गिरोने ऐकलं, मान हलवली, आणि दुकानातल्या फरशीवर आडवी झाली, तशीच, आणि बराच वेळ उठली नाही. सोमवारी वारा पडला. पहिल्या बोटीने ती गेली.

सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. आनेस्तिस त्यांच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. त्याच्या दारातली ताटली रिकामी, धुतलेली परत आली, एवढंच. स्तामातिस दिसला की लोक मान हलवू लागले, काहीजण. रिनियोला पुन्हा दिवस गेले नाहीत.

आणि रिनियोने आईला माफ केलं नाही. ऑक्टोबरात ती गावी आली, केस कापलेले, अंगात काही उरलेलं नाही, आणि आईच्या हातचं खाईना. एका सकाळी ती माझ्या दुकानात येऊन बसली. कॉफी तशीच निवली.

"मी तिकडे मरत होते," ती म्हणाली. "शुद्धीवर आले तेव्हा पोटात पोर नाही आणि उशाशी आई नाही. सोमवारी आली ती. आणि सांगते काय, मी मटण शिजवत होते. मटण, एवांथियाकाकू! गावजेवण घालत होती!"

"तिने तुला बाकीचं सांगितलं नाही?"

"काय बाकीचं?"

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तिला सांगितलं. होडीवाल्याच्या पायांपासून, जळत्या लाकडांपासून. बाळाचं, नवसात न मागितल्याचं, तेही सांगितलं. ते सांगावं की नाही हे मला अजून कळत नाही, पण सांगितलं. सांगून होईपर्यंत दुपार झाली. मग ती उठली, पालथ्या हाताने तोंड पुसलं, आणि खालच्या आळीला, आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिची बोट होती. ती गेली नाही. नाताळपर्यंत राहिली.